ठकीची टाच

त्या वर्षी घटस्थापनेला मी देवीवर रुसले होते. हात जोडले, पण सासूबाई शेजारी उभ्या होत्या म्हणून.

जर्मनीत येना गावाजवळच्या एका छोट्या प्राणिसंग्रहालयात मी मदतनीस आहे. परभणीला मिळवलेल्या माझ्या पशुवैद्यकीच्या पदवीला इथली मान्यता मिळायची आहे, तोवर बाटल्या उकळणं आणि पिल्लांना दूध पाजणं. तिथे वॉलबी आहेत, कांगारूचीच धाकटी जात. त्यातली एक मादी गेली आणि तिचं पिल्लू मी वाढवायला घरी आणलं. नवरात्रासाठी मुद्दाम साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, मग आपलं जुनं नऊवारी फाडून त्याला झोपायला पिशवी शिवली. पोटभर दूध पिऊनही उपाशी असल्यासारखं बघते म्हणून नाव ठेवलं ठकी. ठकीचा मला इतका लळा लागला की नवरा म्हणायचा, मलाही एक पिशवी शिवा म्हणजे माझ्याकडे कुणी बघेल.

आणि घटस्थापना तोंडावर असताना एके दुपारी दाराची बेल वाजली. नुसता पार्सलवाला होता. पिशवीबाहेर खेळणारी ठकी दचकून उधळली, गुळगुळीत फरशीवर मागचा पाय घसरला आणि टाचेचं हाड मोडलं. हातावर वाढवलेल्या पिल्लांच्या बाबतीत हे होतं. मोकळं पळणं नाही, पुरेसं ऊन नाही, त्यामुळे हाडं कच्ची राहतात. त्यातून टाचेच्या हाडाला पोटरीचा जाड स्नायुबंध जोडलेला असतो. पिल्लानं लाथ झाडली की तो मोडलेला तुकडा वर ओढतो. तो स्नायुबंध सैल राहावा म्हणून पाऊल पायाच्या रेषेत सरळ ताणून बांधायचं आणि पिल्लाला पिशवीत शांत ठेवायचं, असा उपाय. सांगायला सोपा. पण दवाखान्यातल्या तयार पट्ट्या सगळ्या कुत्र्यांच्या मापाच्या. ठकीचं ते लांबलचक पाऊल त्यातून सुटून यायचं. घटस्थापनेनंतर दोनच दिवसांनी पट्टी पुन्हा निसटली. तिथल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या, पण स्पष्ट बोलणाऱ्या. "आल्झो," म्हणजे 'तर मग', त्या चष्मा काढत म्हणाल्या, "पुढच्या एक्स-रेपर्यंत तुकडा जागेवर राहिला नाही, तर तिला झोपवणंच बरं." इथे झोपवणं म्हणजे कायमचं, ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

पिशवी पोटाशी धरून मी बाहेर पडले, तर रुळांचं काम निघाल्यामुळे ट्राम बंद. तिच्या बदल्यात बस, आणि त्या बसचा थांबा कुठल्या कुठे. मनातल्या मनात सगळ्या जर्मनीला शिव्या घालत मी तिथवर चालत गेले. बाकावर साठीची एक बाई बसली होती. शेजारी कुबड्या, पायात गुडघ्यापर्यंतचा प्लास्टिकचा बूट, आणि बुटातलं पाऊल बोटं खाली करून ताणलेलं. नाचताना टाचेमागचा स्नायुबंध तुटला, असं तिनं हसत सांगितलं आणि पिशवीत बाळ आहे का, असं विचारलं. मी पिशवी उघडून दाखवली. त्या परक्या बाईसमोर मला रडू कोसळलं. तिनं ठकीचा पाय नीट निरखला आणि म्हणाली, "मी हेच करते. माणसांसाठी." तिचा पायांचे आधार बनवण्याचा व्यवसाय होता. आजारपणाच्या रजेवर घरी बसून ती कंटाळली होती आणि सहज कामाच्या जागी डोकावायला निघाली होती. आम्ही त्याच बसने तिच्या वर्कशॉपमध्ये गेलो. गरम पाण्यात मऊ केलेल्या प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून तिनं ठकीच्या पायावरच एक साचा घडवला आणि आतून मऊ अस्तर लावलं. काम होईपर्यंत ठकी माझ्या हातात एवढी गप्प राहिली की मी दोनदा तिचा श्वास चाचपला. लगेच परत जाऊन डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी सगळीकडून तपासून पसंतीची मान डोलावली.

यानंतर खरं तर मी निवांत व्हायला हवं होतं. पण माझा जीव टांगणीला. दर थोड्या वेळानं पिशवी उघडायची, साचा सरकला का बघायचं, बोटं गरम आहेत ना चाचपायचं. हात लागला की ठकी थरथरायची. असे प्राणी नुसत्या भीतीनंही दगावतात, हे शिकलेली मीच, पण राहवत नव्हतं. सासूबाई घटाला माळ बांधत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "अगं, घट बसवल्यावर कोंब आला का म्हणून आपण माती उकरून बघतो का?"

मी पिशवी मिटली. घटापुढे बसले, आणि या खेपेला कुणी शेजारी आहे म्हणून नाही. म्हटलं, आई, मला जे येत होतं ते करून झालं. आता ही तुझी. किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. त्यानंतर दूध, औषध आणि ठरलेली तपासणी एवढ्यासाठीच पिशवीला हात लावला. नवरात्र उठल्यावर एक्स-रे काढला. तुकडा जागेवर होता. डॉक्टरीणबाईंनी झोपवण्याचं नाव काढलं नाही, पुढची तारीख दिली. थंडी सरता सरता हाड भरून आलं. मग साचा निघाला, थोडं ऊन, थोडं चालणं, असं करत पायात बळ आलं.

वसंतात ठकीला कळपात सोडलं. ती बाईही आली होती, आता कुबड्यांशिवाय. तो रस्ता, तो थांबा, ती बस, हे कुणी जुळवलं याचा शोध मी घेत नाही. मला ज्याचे पाय धरावेसे वाटतात त्याचे मी धरते. ठकी पिशवीतून उतरली, गवत हुंगलं आणि एक उडी मारली. मग दुसरी, अगदी सरळ. लांब कुंपणाशी बाकीच्या वॉलबी चरत होत्या, ती त्यांच्याकडे निघाली. मी हाक मारली असती तर ती नक्की वळली असती. हाक ओठांपर्यंत आली होती. मी रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली आणि ठकी कळपात दिसेनाशी होईपर्यंत गप्प उभी राहिले.