हसनाबादच्या खदानीतला मधला थर

हसनाबादजवळच्या खदानीत मी दगडांची जुनी दिशा मोजायला जात असे. लाव्हा थंड होताना त्यातले लोहाचे बारीक कण त्या काळच्या चुंबकीय उत्तरेकडे तोंड करून गोठतात. आणि उत्तर कायम उत्तरेला नसतं. पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड घुसळत असतं; त्याच्यावरचं जाड आवरण त्याची उष्णता किती ओढून घेतं, त्यावर या घुसळणीतून तयार होणारं चुंबकीय क्षेत्र लाखो वर्षं शांत राहतं की पुन्हापुन्हा उलटतं, हे बरंचसं ठरतं.

खदानीच्या भिंतीत खालच्या थरातली दिशा उलटी निघाली, वरच्यातली सुलटी. मधला हातभर थर मोजायचा राहिला होता. दिशा फिरत असतानाचा काळ तिथेच सापडेल, असं मला वाटत होतं. नेमकं त्याच दिवशी ड्रिल बंद पडलं. मी भिंतीवर पांढऱ्या खुणा केल्या आणि खदानीवरच्या म्हाताऱ्या सुरुंगवाल्या काकांना म्हटलं, "एवढं जपा."

दोन महिन्यांनी मी परत गेले, तर भिंतच नव्हती. तिची खडी होऊन रस्त्यावर गेली होती.

"घाबरू नका मॅडम," काका म्हणाले. "मशीन आल्तं तव्हा थांबा म्हनलो, कोन ऐकतंय? मंग जल्दी जल्दी पहारीनं तुमचे दगड काढून ठेवले."

शेडमध्ये पोत्यावर नऊ दगड मांडले होते. धुतलेले, खुणा वर. काकांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण मी सांगितलं, "काका, दगड जागेवर कसा बसला होता, ते मोजूनच तो काढावा लागतो. हलला की त्यातली दिशा गेली."

"म्हंजे बिलकुल कामाचे न्हाईत?"

काका खाली बसले आणि एक दगड फिरवू लागले. "ह्यो असा व्हता. रस्त्याकडं तोंड करून... न्हाई, जरा कलता." मग दुसरा. मग तिसरा. बोटभर फरकानंही मोजणी वाया जाते, पण मला त्यांना थांबवता येईना. शेवटी मी होकायंत्र काढलं आणि ते दाखवतील तो आकडा वहीत लिहीत गेले.

"बराबर लागलं का?"

"हो," मी म्हटलं.

नंतर पार पिंपळगाव रेणुकाईपर्यंतचे ओढ्यांचे उघडे पडलेले काठ पालथे घातले. तो थर पुन्हा दिसला नाही. माझ्या तक्त्यात तिथे कोरी पट्टी आहे. काका अधूनमधून फोन करतात, "आपल्या दगडांचं काय निघालं?" विचारतात. काम चालू आहे, एवढंच मी सांगते.