शिमग्याची मस्करी आणि आमचे बंद दार

हातखंब्याच्या तिठ्यावर भर दुपारी आम्ही तिघे पुण्याच्या गाडीची वाट पाहत उभे होतो. मी, पत्नी आणि एकवीस वर्षांचा आमचा मुलगा सुहास. वाडीतल्या कोणाची नजर पडू नये म्हणून त्याने डोक्यावरून टॉवेल घेतला होता. "काढ रे तो, घामाघूम झालास," आई म्हणाली. त्याने काढला नाही. साल दोन हजार तीन. पावसजवळच्या घराला मी कुलूप का लावले, हे वाडीत राहिलेल्या आणि मुंबईस गेलेल्या समस्त भावकीने आज एकदा नीट वाचावे.

तुमचा आरोप असा, की काम्प्युटरने मुलगा बिघडवला. न्यायालयात नाझर म्हणून मी हयात घालवली. आरोपातला खरा भाग मान्य करतो. कॉलेज बुडवून तो रत्नागिरीच्या सायबर कॅफेत बंदुकांचे गेम खेळत असे. झोप गेली, जेवण तुटले. परंतु डॉक्टरांचे म्हणणेही ऐका: उदासीचा आजार आधीपासूनचा, गेमने तो वाढवला, जन्माला घातला नाही. आजारी जीव आडोसा शोधतो.

आणि तुम्ही काय केलेत? होळीपुढे माझा चुलतभाऊ बाळू ओरडला, "नाझराच्या पोरान काय केलान?" तुम्ही बायकामुलांसह उत्तर दिलेत, "काम्प्युटराशी लगीन लावलान!" वर बोंब ठोकलीत. सुहास माझ्या शेजारी उभा होता. त्यानंतर तो कॅफेतही जाईना. पुढच्याच आठवड्यात विहिरीच्या काठावरून आईने त्याला हाताला धरून घरी आणले. बाळूला जाब विचारला, तर म्हणतो, "शिमग्यात कसला राग, दादा? देवासमोरची मस्करी ती." रूढी हा बचाव होत नाही, बाळू. तुम्ही बुडत्याला ढकललेत आणि त्याला सण म्हणालात.

पुण्यात दोन खोल्या आहेत. शेजाऱ्याला माझे आडनाव ठाऊक नाही, मला त्याचे. पूर्वी मी याला माणुसकीचा दुष्काळ म्हटले असते. आता औषध म्हणतो. गोळ्या चालू आहेत. पुढे ब्रॉडबँडही मीच घेतले. खेळायची वेळ डॉक्टरांनी आखून दिली. एकदा विचारले, "काय मिळते रे तुला तिथे?" म्हणाला, "तिथे हरलो तर कोणी दारात येऊन ओरडत नाही, बाबा."

परवा बाळूचा फोन आला. "दादा, यंदा तरी घर उघड. शिमग्याची पालखी दरवर्षी बंद दारावरून परत जाते, बरं दिसत नाही."

जाऊ दे परत. देवाला कारण हवे असेल, तर त्याने तुम्हाला विचारावे. होळीपुढे तोही हजर होता.

मी फोन ठेवला. पानावर बसलेल्या सुहासने विचारले, "कोणाचा होता?"

"राँग नंबर," मी म्हणालो.

त्याने आईकडे आणखी भात मागितला. आमचे घर आता इथे आहे.