दोष कोणाचा, याची चिठ्ठी

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला लागून चांगदेवचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं. मधली भिंत पत्र्याची. त्याच्याकडचं सगळं मला ऐकावंच लागतं.

चांगदेवच्या आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी शेती केली आणि चांगदेवने रांजणगावच्या एका कारखान्यात बारा वर्षं मशीनं सांभाळली. तिथे लाइन थांबली की कागद भरायचा: काय बिघडलं, कशानं, आणि दोष कोणाचा. शेवटचा रकाना रिकामा सोडला की साहेब कागद परत पाठवायचे. नोकरी सुटली, रकाना सुटला नाही. दुरुस्त केलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या डब्यात हा आतून चिठ्ठी चिकटवतो. 'दोष: उंदीर.' 'दोष: मुंग्या आणि गुलाबजाम.' शाळेतल्या एका गुरुजींच्या डब्यात त्याने 'दोष: स्वतः गुरुजी' लिहिलं. गुरुजी पुन्हा फिरकले नाहीत. अशानं गिऱ्हाईक टिकत नाही, हे मी त्याला दहादा सांगितलं.

"मग खोटं लिवू व्हय?" तो म्हणतो. पालथ्या घड्यावर पाणी.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कोरेगाव भीमाच्या शितलने आपला कॉम्प्युटर मेमरी वाढवायला आणून ठेवला. ती घरी बसून कारखान्यांसाठी सुट्या भागांची ड्रॉइंग करते. चांगदेवने मेमरीच्या दोन नव्या पट्ट्या बसवल्या. नवमीला हत्यारांची पूजा झाली, भंडारा उधळला, मला खोबरं मिळालं आणि कॉम्प्युटर घरी गेला.

घरी तिच्या भावाने, ईश्वरने, पट्टीच्या खोक्यावर ३६०० लिहिलंय म्हणून सेटिंगमध्ये जाऊन मेमरीचा स्पीड तेवढा केला. दोन दिवसांनी कॉम्प्युटर चालूच होईना. पंखे फिरत, पडदा काळा. चांगदेवने बोर्डावरचा सेल काढून सेटिंग पहिल्यासारखं केलं, पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या, स्पीड कमी करून २६६६ ठेवला. चालू झाला. चिठ्ठी लागली: 'दोष: भाऊ ईश्वर. नसता स्पीड वाढवला.'

डब्याची एक बाजू काचेची असल्यामुळे ही चिठ्ठी घरी येणारा-जाणारा प्रत्येकजण वाचू लागला. ईश्वरला कॉम्प्युटरच्या खोलीत जायची बंदी झाली.

आठवड्याने सकाळी अकराला ईश्वरच मोटरसायकलच्या टाकीवर डबा ठेवून आला.

"मामा, पुन्हा बंद पडलाय. म्या हात बी लावला न्हाई. चारच्या आत ताईचं ड्रॉइंग कंपनीत जायला पायजे, त्याच्यावर तिची कायमची नोकरी हाय. आन् ती म्हणती, तूच काय तरी केलंस."

एवढं बोलून तो चहाच्या टपरीवर जाऊन बसला. त्याने चहा सांगितलाच नाही.

चांगदेवने सेल काढला, घातला. पडदा काळाच. मग एकेक पट्टी बोर्डावरच्या एकेका खाचेत घालून पाहिली. पट्ट्या चांगल्या निघाल्या, पण दुसऱ्या खाचेत कुठलीही घातली की अंधार. त्याने खाचेत बॅटरीचा उजेड टाकला. पत्र्यापलीकडे एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती, म्हणून उठून गेलो.

खाचेत पिवळी पूड होती. त्याने बोटाला लावून हुंगली, माझ्यापुढे धरली. हळद. नवमीला त्याने सगळ्या यंत्रांवर भंडारा उधळला तेव्हा या डब्याची काच काढलेली होती.

ब्रश आणि स्पिरिटने खाच साफ झाली. पडदा उजळला. त्याने स्पीड ३६०० वर नेला आणि तासभर मेमरीची तपासणी चालवली. एकही चूक आली नाही.

"धूळ लिही," मी हळूच म्हणालो. "हळद म्हणजे धूळच की." मला त्याची काळजी वाटली, खरंच. चार दुकानं सोडून दुसरा दुरुस्तीवाला बसतो.

त्याने पेन उचललं. जुन्या चिठ्ठीवर आडवी रेघ मारली, कारण कारखान्यात जुनं लिहिलेलं फाडून किंवा पुसून टाकायची मुभा नसे, आणि खाली नवी चिकटवली: 'दोष: चांगदेव. खाचेत भंडारा. ईश्वरचा स्पीड बरोबर होता.'

मग ईश्वरला हाक मारली. त्याने काचेतून ती दोनदा वाचली.

"मामा, जरा मोठ्या अक्षरात लिवा की. ताईला चष्मा हाय."

चांगदेवने काच पुन्हा काढली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं.

चारला दहा कमी असताना फोन आला. ड्रॉइंग कंपनीत पोचलं, असं ईश्वर सांगत होता. बंदी असलेल्या त्याच खोलीतून.