गालाचा तुकडा

आमच्या ग्रामपंचायतीला एक पत्र आलंय. जाड कागद, वर दंत महाविद्यालयाचा शिक्का, खाली डॉ. ओमप्रकाश यांची लांबलचक सही. मजकूर असा की, आपल्या गावातील छबूबाई आसाराम या महिलेने जाणूनबुजून केलेल्या असहकारामुळे मौल्यवान संशोधन वाया गेले, सबब यापुढे आपल्या गावी दंतशिबिर घेतले जाणार नाही. गावात कागद आला की सरपंच आधी माझ्याकडं धाडतात. वाचला, आणि दोन दिवस डोकं तापलेलं होतं. शिबिर घेणार नाहीत म्हणे. इथं कोण रडायलंय?

पण बाईचं नाव कागदावर आलंय, तर बाई कोण हेही कागदावर यायला पाहिजे. साहेबांनी लिहिलं, आता मी लिहितो.

छबूबाई सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची. पोखर्णीच्या पुढं चार-पाच किलोमीटरवर आमची वस्ती, तिथं कडेचं घर तिचं. दसरा झाला की नवरा आसाराम आणि ती ऊसतोडीला जातात, पाडव्याच्या मागंपुढं परत येतात. शाळा दुसरीपर्यंत. अंगानं काटकुळी, पण हाक मारली की दोन शेतं पलीकडचा बैल मान वर करतो. वस्तीत तिची ओळख मिशेरीची. तंबाखूची पानं तव्यावर भाजून काळी करायची, तळहातावर चुरायची आणि बोटानं दाताला चोळायची, ती मिशेरी. छबूबाईचा तवा चुलीवर चढला की रस्त्यानं जाणारा माणूस चार शिंका देतो आणि घरोघरच्या बाया डब्या घेऊन निघतात.

मिशेरीचा एक कायदा आहे. ती एकटीनं लावायची नसते. डबी उघडली की आधी शेजारणीपुढं धरायची, भांडण असलं तरी. वर्ष-वर्ष बोलणं बंद असलेल्या दोघी एका डबीत बोट घालतात, तोंडं फिरवतात आणि चोळत बसतात. हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही. त्यामुळं डॉक्टरसाहेबांना तो ठाऊक असायचं कारण नव्हतं. विचारलं असतं तर कळला असता, पण विचारायचं म्हणजे आधी समोरच्याला अक्कल आहे हे मानावं लागतं.

मागच्या वर्षी पेरण्या उरकल्यावर हे लोक आले. मिशेरी लावणाऱ्या बायांच्या हिरड्यांवर अभ्यास करायचा होता. चाळीस बाया पाहिजे होत्या, त्या छबूबाईनं एका हाकेत मिळवून दिल्या. चार पानी संमतिपत्र होतं, त्यातली मराठी अशी की तिला भाषांतर लागावं. बायांनी अंगठे केले. साक्षीदार म्हणून चाळीस कागदांवर मी सही ठोकली. चार पानांतलं पहिलं पान वाचलं होतं. हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे नंतर दुसऱ्या कोणी सांगायला नको.

तपासणी शाळेच्या व्हरांड्यात. डॉ. ओमप्रकाश खुर्चीवर, त्यांची विद्यार्थिनी डॉ. निकिता उभी. बाया एकेक करून स्टुलावर बसायच्या आणि तोंड दोन बोटांपलीकडं उघडायच्या नाहीत. साहेब हरखले. तंबाखूनं गाल आतून आवळतात आणि तोंड उघडत नाही असा एक आजार आहे, आणि तो म्हणे आमच्या वस्तीत थैमान घालत होता. अकरा बायांच्या नावापुढं त्यांनी तसं लिहूनही घेतलं. शेवटी छबूबाई निकिताच्या कानाशी गेली.

"पोरी, त्या लिंबाखाली कोण बसलेत दिसायलेत का?"

"कोण आहेत मावशी?"

"सासरे हायत. सासऱ्यापुढं कोण जबडा वासील? त्येंला चहाला धाड, मग बघ."

मी म्हाताऱ्यांना चहाला नेलं. अकरा जणींचा आजार दहा मिनिटांत बरा झाला. साहेबांनी लिहिलेलं खोडलं की नाही, त्यांचं त्यांना माहीत.

त्या दिवशी दोन कामं झाली. एक, प्रत्येक बाईला हिरड्यांना लावायच्या जेलची नळी दिली, वर नंबर. निम्म्या नळ्यांत औषध, निम्म्यांत नुसतंच गोडसर जेल. कोणाला काय मिळालं ते बाईलाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. यातलं तत्त्व चांगलं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. औषधाचा गुण खरा की मनाचा, हे असंच कळतं.

दुसरं काम असं की, आठ बायांच्या गालात आतून पांढरे चट्टे सापडले. त्यांच्या गालाचा मसुरीच्या डाळीएवढा तुकडा काढला, टाका घातला, तुकडे बाटल्यांत गेले. प्रयोगशाळेत मेणात बसवून, पातळ काप काढून, भिंगाखाली बघणार होते. "आठ दिवसांत कळेल," साहेब म्हणाले. "कॅन्सर वगैरे आहे का, ते दिसतं त्यात."

हा शब्द टाकला आणि गाडीत बसून गेले. आठ बायांमध्ये छबूबाई होती. वस्तीतली चोवीस वर्षांची रोहिणी पण होती.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. निकिताचा दर आठवड्याला फोन यायचा, जेल लावता का म्हणून. छबूबाई म्हणायची, "लावतो समद्या. माझ्या गालाचं काय निघालं?" निकिता म्हणायची, "सर सांगतील मावशी." भादव्यात सर आले तेव्हा तिनं वाट अडवली. ते म्हणाले, "मावशी, हा दोन्हीकडून आंधळा अभ्यास आहे. मध्येच काही उघडता येत नाही."

ती माझ्याकडं आली. "बजरंगा, हे आंधळं काय असतंय?"

मग मी मोबाइलवर आठवडाभर डोकं घातलं, संमतिपत्राची उरलेली तीन पानंही वाचली. आंधळेपणा नळीपुरता होता. तुकड्यात काय निघालं ते बाईला सांगायचं नाही, असं कुठंच नव्हतं. उलट तिसऱ्या पानावर काळ्या शाईत होतं की निदान झाल्यास सहभागी व्यक्तीला तात्काळ कळवण्यात येईल. खाली साक्षीदार मीच.

मी साहेबांना फोन केला. आमच्यात काय बोलणं झालं ते लिहिण्यासारखं नाही. माझं तापट डोकं कामाचं कमी, बिघाडाचं जास्त. त्यांनी माझा नंबर बंद करून टाकला.

इकडं दसरा जवळ येत चाललेला. ऊसतोडीला माणूस एकटा जात नाही, जोडीनं जातो. छबूबाई गेली नाही तर आसाराम बसला. आणि गेली तर सहा महिने कारखान्याच्या फडात, तिथं कसला डॉक्टर? आसाराम एकदाच बोलला. "तू म्हण राह्यचं, राहू. तू म्हण जायचं, जाऊ. पर त्या गालात काय हाय ते कोणीतरी सांगा की." त्यानंतर तो शेळ्यांशीसुद्धा बोलेना.

दसऱ्याला आठ दिवस असताना शेवटची तपासणी लागली. या वेळी साहेबांच्या सोबत एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक, संशोधन नीट चाललंय का ते बघायला पाठवलेले. साहेबांनी छबूबाईला पहिल्या खुर्चीवर बसवलं. गावची आदर्श सहभागी. तिनं सगळ्या बायांच्या सगळ्या रिकाम्या नळ्या, बुडापासून गुंडाळलेल्या, गोधडीच्या तुकड्यात बांधून आणल्या होत्या.

"बघा सर," साहेब म्हणाले, "शंभर टक्के वापर. मावशी, जेल रोज लावलं ना?"

"आधी माझ्या गालाचं सांगा."

"ते नंतर बघू."

"नंतर म्हंजे कवा? आठ दिवसानं आमची गाडी निघतीय. मी फडात, कागद तुमच्या कपाटात. गालानं कुणासंगं ऱ्हायाचं?"

बाया पदरात हसल्या. साहेब पण हसले, पण इकडं-तिकडं बघत.

"त्या नळ्यांचं काय झालं ते मी सांगनार हाय," छबूबाई म्हणाली. "खरं खरं सांगनार. पर आधी कागद."

प्राध्यापकांनी चष्मा काढला. "नळ्यांचं काय झालं?" मग तिच्याकडं बघून स्वतःच म्हणाले, "थांबा. या बाईंचा रिपोर्ट आलाय का?"

साहेबांनी तोंड उघडायच्या आत निकिता म्हणाली, "आलाय सर. जुलैतच आलाय. आठही आलेत."

साहेबांचं तोंड दोन बोटांवर अडकलं. तीन महिने! गाडीच्या मागच्या सीटवर, फायलीत, ते कागद आमच्या वस्तीत येऊन-जाऊन परत शहरात जायचे. साहेबांना वाईट काही करायचं होतं असंही नाही. चट्ट्यांचं प्रकरण त्यांच्या पेपरात शेवटच्या तक्त्यात यायचं होतं, आणि शेवटचा तक्ता शेवटी करायचा असतो. एवढंच. माणसाचा जीव तक्त्याच्या रांगेत उभा होता.

निकिता धावत फाइल घेऊन आली, छबूबाईचा कागद काढून पुढं केला. छबूबाईनं हात मागं घेतला.

"एकटीचा न्हाई घेत. आठी जणींचे काढ."

"मावशी, तुमचा तर घ्या," साहेब म्हणाले. "बाकीच्यांनी विचारलेलं पण नाही."

"त्या विचारत न्हाईत म्हनून तर मी विचारायलेय. काढ पोरी."

निकितानं एकेकीला बाजूला नेऊन सांगितलं. छबूबाईच्या गालात वाईट काही नव्हतं. तंबाखूनं कातडं जाड झालंय, मिशेरी सोडली तर उतरेल. आसारामनं व्हरांड्याच्या खांबाला पाठ टेकली आणि तिथंच खाली बसला.

आणखी सहा जणींचं तसंच. आठवी रोहिणी. ती सगळ्यात मागं, पदर नाकापर्यंत ओढून. तीन महिन्यांत तिनं एकदाही विचारलं नव्हतं. सून माणूस, कोणाला विचारणार? तिच्या कागदावर होतं की पेशी बिघडायला लागल्यात, चट्टा लवकरात लवकर काढावा. तारीख जुलैची.

रोहिणी लग्न होऊन आली तेव्हा तिची दाढ ठणकायची. पहिली चिमूट छबूबाईनंच दिलेली, स्वतःच्या बोटानं लावून. हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी छबूबाईकडं बघत नव्हतं.

मग छबूबाई उठली. बोलल्याप्रमाणं सांगितलं.

"साहेब, तुमच्या निम्म्या नळ्या जिभंला चुनचुनायच्या, निम्म्या नुसत्या गोड. दुसऱ्याच दिशी बायांनी एकमेकीचं चाखून बघितलं. ही रोहिणी रडत आली, मला नुसतं गोड दिलं, आमी काय कमी हाव का म्हनून. मग मी चाळीस नळ्या एका डब्यात पिळल्या, कालवल्या आन सारख्या वाटल्या. हरेकीच्या डबीत. नळी संपली, तुमी दुसरी दिली, ती बी तशीच. एकीला औषध आन एकीला फसवनूक, असं आमच्यात चालत न्हाई."

प्राध्यापकांनी फाइल मिटली. साहेब उठले. "कळतंय का काय केलंत तुम्ही? सगळं वाटोळं केलंत."

"तुमी चवच सारखी ठेवली न्हाई," छबूबाई म्हणाली. "एवढं शिकून?"

प्राध्यापक खाली बघत हसले. या एका वाक्यावर पुढं त्यांच्या अहवालात दीड पान होतं म्हणतात. मी पाहिलेलं नाही.

रोहिणीला निकितानंच मोठ्या सरकारी दवाखान्यात नंबर लावून दिला. सासूनं धाडायला काचकूच केलं, तेव्हा छबूबाई तिच्या दारात जाऊन बसली. चट्टा काढला. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, वेळेत आलात, पण अजून वर्षभर दाखवत राहा. छबूबाई चार दिवस रोहिणीपाशी थांबली. टोळीची गाडी निघून गेली होती. ती आणि आसाराम मग एसटीनं गंगाखेडला आणि तिथून पुढं मिळेल त्या वाहनानं फडावर गेले, आठवडाभर उशिरा, मुकादमाच्या शिव्या खात.

मिशेरीचा तवा तिनं राखेनं घासला, चिंचेनं घासला. त्यावर आता भाकरी करते. भाकरीला अजून तो वास येतो. आसाराम खातो, शिंकतो, काही म्हणत नाही. तिची मिशेरी सुटली का? सकाळची सुटली. दुपारची सुटायलीय. वस्तीतल्या निम्म्या बाया तिच्यावर रुसल्यात, आता भाजून कोण देणार म्हणून. खोटं लिहायला मी काय तक्ता भरत नाही.

आता पत्र. परवा ते मी तिला वाचून दाखवलं. ती शेंगा फोडत होती. जाणूनबुजून केलेला असहकार, हे दोनदा वाचायला लावलं.

"जबाब द्यायचाय का?" मी विचारलं.

"लिही. रोहिणीचा गाल भरलाय म्हनावं."

"आणि?"

शेंगांची टरफलं तिनं सुपात गोळा केली. "ते तुकडे कुठं हायत रे आमचे?"

मी सांगितलं, मेणात बसवलेले असतात. लहान ठोकळे. कपाटात ठेवतात, वर्षानुवर्षं.

"मग लिही, अभ्यास मोडला तर आता त्येंचा काय उपयोग? आठी तुकडे परत पाठवा. आन वर जिचं तिचं नाव घाला, नंबर नको."

तसं लिहिलं. आठ जणींनी खाली नावं घातली, तिघींनी सही केली, पाचींनी अंगठे. साक्षीदाराच्या जागी मी, या वेळी सगळं वाचून. उद्या रजिस्टर पोस्टानं टाकतोय.