पिल्लाचं नाव मी लिहिणार नाही

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. कुणी असले किस्से सांगायला लागलं की मी प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडायचे. आता पाळी माझ्यावर आलीय, तेव्हा खुशाल विचारा. उत्तरं माझ्याकडेही नाहीत.

दोन नावं इथे येणार नाहीत. एक पिल्लू आणून देणाऱ्या एजंटचं, कारण माझ्या वकील मैत्रिणीने तसं बजावलंय. दुसरं पिल्लाचं... त्याचं कारण शेवटी सांगते.

बिबवेवाडीत आम्ही दोघंच — मी आणि बाबा. आई गेली आणि बाबांनी बोलणं टाकलं. भांडण नाही, तंटा नाही, ‘चहा झाला’, ‘गोळी घेतली’, एवढंच. आमच्या कॉलेजातल्या एकीच्या ओळखीतल्या दिल्लीच्या बाईंकडे बीगल जातीची पिल्लं विकायची होती. फोटो बघून बाबा चक्क म्हणाले, “या धाकट्याचा डावा कान बघ, उलटा पडलाय.” एवढं मोठं वाक्य त्यांनी कित्येक महिन्यांत उच्चारलं नव्हतं. मी त्याच दिवशी पैसे पाठवले. पुण्यात कुत्री कमी पडली का, असं सोसायटीत विचारून झालंच. कमी नाहीत, पण विचारणारे जास्त आहेत, म्हटलं.

पिल्लू आईपासून तोडण्याएवढं मोठं होईपर्यंत थांबायचं होतं. तोवर रोज दिवेलागणीला बाबा व्हिडिओ कॉल लावायचे. नाव त्यांनीच ठेवलं. ते हाक मारायचे, आणि तिकडे ते कार्टं फोनला नाक लावून बसायचं. आम्हाला स्क्रीनभर नुसतं ओलं नाक दिसायचं. बाबा खुदुखुदु हसायचे. मी कुकरखालचा गॅस बंद करून ते हसणं ऐकत उभी राहायचे.

पिल्लू विमानाने आणायचं ठरलं. कात्रजचा एक एजंट हीच कामं करतो — स्वतः दिल्लीला जातो, पिंजरा विमानाच्या पोटात, आपण वर सीटवर, आणि पुण्यात आणून हातात देतो. इथल्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, प्रवासात झोपेचं औषध अजिबात द्यायचं नाही, श्वास मंदावतो. हे मी एजंटला बजावून सांगितलं. “ताई, टेन्शन घेऊ नका,” म्हणाला.

एअरपोर्टबाहेर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. त्याने पिंजरा आणून खाली ठेवला. दमून झोपलंय, म्हणाला आणि लगेच निघूनही गेला. बाबांनी वाकून हाक मारली. मग पुन्हा मारली. मग दार उघडून हात आत घातला... आणि तसाच ठेवला. अंग गार पडलं होतं.

डॉक्टरांनी तपासलं. औषध दिलेलंच होतं. एजंट कानावर हात ठेवून मोकळा झाला — नाजूक जात, होतं असं कधीकधी. आणि वर म्हणाला, “दुसरं आणून देतो की ताई. ह्याच्यापेक्षा गोंडस.”

तिथे माझं डोकं फिरलं. मी सोडून देणाऱ्यांतली नाहीच. तक्रारी केल्या, प्राणी पाळणाऱ्या प्रत्येक ग्रुपवर त्याचं कौतुक लिहिलं. त्याची कामं गेली, तरी माझं पोट भरेना. एक दिवस बाबा भिंतीकडे बघत बसलेले दिसले — आता ‘गोळी घेतली’सुद्धा बंद झालं होतं — आणि मी त्याला फोन लावला. “त्याला झोपवलंस ना?” म्हटलं. “आता तू झोपून दाखव.” शापबिप नव्हता तो. निव्वळ संताप होता.

पुढे बऱ्याच दिवसांनी, एका रविवारी भर दुपारी बेल वाजली. पुण्यात राहून या वेळेला कोण बेल वाजवतं, म्हणून तणतणत दार उघडलं, तर तो. आधी ओळखलाच नाही. डोळे खोल गेलेले, गालफडं बसलेली.

“झोप नाय हो ताई मला,” म्हणाला.

डोळा लागायला लागला की पिल्लू केकाटतं, असं त्याचं म्हणणं. घरात कुत्रा नाही, शेजारीपाजारीही नाही. बायकोलाही ऐकू येतं, ती पोरांना घेऊन माहेरी गेली. फक्त दिवेलागणीला थोडा वेळ शांत होतं. “माझ्या फोनपाशी येऊन बसतंय. दिसत काय नाय, पण स्क्रीनवर वलं नाक उमटतंय. पुसलं की परत उमटतंय.”

आमच्या व्हिडिओ कॉलचं त्याला काही माहीत नव्हतं. दिल्लीच्या बाईंना मी नंतर खोदून खोदून विचारलं. त्यांनी सांगितलेलं नाही.

मी एवढंच विचारलं, औषध दिलं होतंस की नाही.

“दिलं,” तो खाली बघत म्हणाला. “लई भुंकत हुतं. काउंटरवाल्यांनी घेतलं नसतं.”

हे एक वाक्य मला हवं होतं. वाटलं होतं, ते ऐकलं की बरं वाटेल. नाही वाटलं. उलट आणखी काहीतरी हवंसं झालं.

बोलता बोलता सोफ्यावर त्याची मान कलंडली. आणि आमच्या हॉलमध्ये पिल्लू भुंकलं. बारीक, चिरकं, अगदी पायाशी. तो दचकून उठला. आतल्या खोलीचं दार उघडलं. बाबा झोपेतून उठून आले होते, धोतराचा सोगा हातात. त्यांना घरात कोण आलंय याचा पत्ताही नव्हता.

“आलं का गं?” त्यांनी विचारलं.

त्या माणसाने बाबांपुढे हात जोडले. “मोती म्हणलं, टायगर म्हणलं, सगळी नावं घेऊन झाली. माझं ऐकत नाय. दिल्लीच्या बाई माझा फोन उचलत नायत. त्याच्या नावानं हाक मारली तर जाईल. काय नाव हुतं त्याचं, तेवढं सांगा.”

बाबा बोलायच्या आत मी म्हणाले, “दुसरं आण की. ह्याच्यापेक्षा गोंडस.” आणि त्याला बाहेर काढून दार लावलं.

“सांगायचं होतंस,” बाबा म्हणाले. “पिल्लाला कशाला शिक्षा?” मी चहा टाकायला आत गेले.

त्याच दिवशी दिवेलागणीला त्याच्या नंबरवरून फोन आला. हॅलो म्हटलं तरी कुणी बोलेना. नुसती धाप... लहान जिवाची, भरभर. बाबांनी हात पुढे केला. पलीकडे तो माणूस कान लावून बसला असणार, हे मला ठाऊक होतं. मी स्पीकर सुरू केला, आमचा आवाज म्यूट केला आणि मग फोन बाबांना दिला. त्यांना त्यातलं काही कळत नाही.

बाबांनी हाक मारली.

पलीकडून ते आनंदाने भुंकलं. बाबांनी पुन्हा हाक मारली, ते पुन्हा भुंकलं. मी स्क्रीन बघितली. म्यूटच होतं. मग त्या माणसाचा रडवेला आवाज आला, “कोण बोलतंय? ताई, मला ऐकू नाय आलं... परत बोला ना.” मी फोन बंद केला.

आता रोज येतो हा फोन. तो शपथेवर सांगतो की तो लावत नाही, आपोआप लागतो. बाबा हाक मारतात, ते ओ देतं, बाबा हसतात. रात्री जेवताना दोन गोष्टी बोलतातही. आणि तिकडे पुन्हा केकाटणं सुरू होतं म्हणे. म्यूट केलेल्या फोनमधून आवाज जात नाही. ध्वनीचा धडा मी दरवर्षी शिकवते. हे कसं होतं, ते मला खरोखर माहीत नाही.

कधीकधी बाबांचं ते ‘पिल्लाला कशाला शिक्षा?’ मला टोचतं. पण नाव सांगितलं तर तो माणूस झोपेल, आणि बाबांना येणारा हा फोन बंद होईल. हल्ली तो जागाच असतो, त्यामुळे असलेच अनुभव शोधून शोधून वाचतो, असं मागच्या वेळी सांगत होता. म्हणून नाव इथे नाही. वाच म्हणावं, पहिल्यापासून पुन्हा एकदा नीट वाच.