पोरगा लय गुणी हाय

नर्सिंगच्या कॉलेजला निघाले तेव्हा माझी बॅग सागरनं खांद्यावर घेतली होती. इंदापूरच्या स्टँडवर त्यानं एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरली आणि गाडी हलेपर्यंत खाली उभा राहिला. माझा धाकटा भाऊ, तालमीत घुमणारा, अंगानं भरलेला. गावी, निरवांगीला, आमची ढोबळी मिरची, दोन गाई, आणि आईबापाला पोरगा म्हणून हा एकटाच. आई म्हणाली, "तू जा बिनघोर. हितं त्यो हाय की."

तो आता असून नसल्यासारखा आहे. दम टिकतो म्हणून तालमीत कुणीतरी त्याला इंजेक्शनची चटक लावली. मी आता नर्स आहे त्या हडपसरच्या हॉस्पिटलात ते औषध ऑपरेशनमध्ये रक्तदाब पडला तर देतात, तेही डॉक्टर समोर असताना. हा गोठ्यामागं बसून स्वतःच टोचून घ्यायचा. झोप उडाली, हात सुजले, एक दिवस आईवर हात उचलला. मी त्याला पुण्यात व्यसनमुक्ती केंद्रात घातलं, तर आठवड्याच्या आत आईच येऊन घेऊन गेली. गावात बभ्रा होईल म्हणे. मग घरच्यांनी त्यांचा इलाज काढला: लग्न करून टाकायचं.

गावाकडच्या माणसांनो, तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं. सुया तुमच्याच उसाच्या बांधावर सापडायच्या. तरी नरसिंहपूरकडचे पाव्हणे चौकशीला आले तेव्हा तुम्ही पारावर बसून एका सुरात सांगितलंत, पोरगा लय गुणी हाय. जुळत्या लग्नात खोडा घालायचा नाही, एवढीच तुमची नीती. कुणाची तरी पोर त्यात गेली तरी चालेल.

मुलीचे वडील मात्र पक्के निघाले. ते मला भेटायला थेट हडपसरला आले. गप्प बस म्हणून आईनं आधीच फोनवर बजावलं होतं. कँटीनमध्ये त्यांनी विचारलं, "पोरी, तुझी सोताची लेक असती तर त्याला दिली असतीस का?"

मी नाही म्हणाले. सगळं सांगितलं. चहा तसाच ठेवून त्यांनी मला हात जोडले. संध्याकाळी तात्यांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला. "परत हिकडं पाऊल टाकू नगंस." त्यानंतर टाकलेलं नाही.

पुढच्या वेळी माझे घरचे शहाणे झाले. मुलगी लांबची बघितली, चौकशीला माणूस न पाठवणाऱ्या घरची. लग्न मला चुलतबहिणीच्या स्टेटसवर दिसलं. करवलीचा मान कुणाला दिला, ते मी फोटो मोठा करून बघितलं.

वर्षाच्या आत तीच मुलगी, पूजा, सुजलेला गाल घेऊन माझ्या वॉर्डच्या दारात उभी. म्हणाली, "ताई, तुमी एकीला सांगितलं. मला का न्हाय?" माझा त्यात काही दोष नव्हता. मी तिला आत घेतलं आणि गालाला बर्फ लावला.

माहेरच्यांनी तिला नांदायला जा म्हणून सांगितलं, म्हणून ती माझ्याकडंच राहते. आई रोज फोन करते. मी जेवले का, हे विचारत नाही. सूनबाईला लावून दे म्हणते, तिच्याबिगर त्यो सुधरायचा न्हाय. मी आधी त्याला परत केंद्रात घाल म्हणते, की फोन बंद.

आता माझं घर म्हणजे ही भाड्याची एक खोली. परवा सागरचा फोन आला. "ताई, मी येऊ का तिकडं?" एवढंच बोलला. मला रडूच कोसळलं. आणि रडता रडताच मी उठले, दाराची कडी नीट लागली आहे का ते बघितलं.