सहाची गाडी, मार्गे पाळधी

मी पहिल्यांदा अंतराळात गेले तेव्हा गॅसवर वरण होतं, ते करपलं. नवरा अजून त्याचा दाखला देतो. त्यानंतरही वरण कितीतरी वेळा करपलं आणि बहुतेक वेळा मी पृथ्वीवरच होते, पण हे त्याला सांगून उपयोग नाही.

मी जळगावात घरीच गणिताच्या शिकवण्या घेते, आठवी ते दहावी. मध्यंतरी सगळं शिक्षण ऑनलाइन झालं तेव्हा आम्ही चांगला कॉम्प्युटर घेतला. मुलं पुन्हा घरी येऊन बसायला लागली तसा तो झाकून ठेवला. एवढी चांगली वस्तू धूळ खात पडलेली मला बघवेना. एका विद्यार्थिनीच्या तोंडून ह्या अंतराळाच्या खेळाचं नाव ऐकलं, फुकट आहे म्हणाली, म्हणून डाउनलोड केला.

खेळ सांगायला सोपा आहे. जगभरातले हजारो लोक एकाच वेळी एकाच अवकाशात हिंडत असतात. सुरुवातीला प्रत्येकाला एक लहानसं यान मिळतं. दगडांच्या पट्ट्यात जायचं, खनिज खोदायचं, दूरच्या तळावर नेऊन विकायचं आणि त्यातून मोठं यान घ्यायचं. वाटेत लुटारू असतात. तेही आपल्यासारखेच कुठेतरी खुर्चीत बसलेले खरे लोक. त्यांनी यान फोडलं की माल गेला तो गेलाच, तक्रार करायला कुणी नाही.

पहिल्या आठवड्यात मी तळाच्या भिंतीला यान धडकवलं, सूर्याच्या फार जवळ नेलं, आणि दिवसभर खोदलेलं खनिज नेमकं जिथे त्याला काडीची किंमत नव्हती तिथेच विकलं. तिथल्या गप्पांच्या खिडकीत मदत मागितली तर कुणीतरी इंग्रजीत सल्ला दिला की खेळ काढून टाका आणि झोपा. मी दहावीच्या मुलांना शिकवते, उद्धटपणा मला नवा नाही. पण आपल्या भाषेत रागवायला कुणी नाही ह्याचं वाईट वाटलं. खेळाच्या संकेतस्थळावर नव्या खेळाडूंनी आपल्या गावचे सोबती शोधायचं एक पान होतं. तिथे सगळी मोठमोठ्या देशांतली शहरं. त्यांच्यात मी सरळ मराठीत लिहून टाकलं: जळगाव किंवा धुळे, नवी आहे, शिकायची तयारी आहे, शिवीगाळ करणाऱ्यांनी येऊ नये.

बरेच दिवस कुणी फिरकलं नाही. मग सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्याने उत्तर दिलं. तिशीतला माणूस, सकाळ मळ्यात आणि ट्रक भरण्यात जायची, संध्याकाळ मोकळी. त्याला मी भाऊ म्हणायला लागले आणि तो मला अक्का. त्यानंतर चार-आठ दिवसांनी धुळ्याहून एक ओळ आली, "मी धुळे. वय जास्त शे. चालेल का?" चालेल, मी लिहिलं. हेच आमचे आबा.

आबा निवृत्त एसटी ड्रायव्हर. उभं आयुष्य धुळे-जळगाव रस्त्यावर गेलेलं, आणि गाडीला कधी ओरखडा नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आम्ही तिघांनी तांडा केला. खेळात असा तांडा केला की एकाला कप्तान करावं लागतं. वाट तो ठरवतो, निघायची वेळ तो ठरवतो, बाकीची यानं त्याच्या मागोमाग जातात. कप्तान कोण ह्यावर आमची चर्चा झालीच नाही. आमच्याकडे लग्नाच्या बैठकीत असो की शेतातल्या भरीत पार्टीत, पुढे कोण हे विचारावं लागत नाही, पिकलेले केस पाहून ते ठरतं. आबा वयाने मोठे म्हणून आबा कप्तान.

खरं सांगते, ते दिवस फार मजेत गेले. तळांची मूळ नावं आबांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी वाटेतल्या तळांना आपल्या थांब्यांची नावं देऊन टाकली. खाणीतून निघालं की पहिलं पारोळा, मग एरंडोल, मग पाळधी, आणि जिथे माल विकायचा ते जळगाव. निघण्याआधी कानावरच्या हेडफोनमधून आबांचा आवाज यायचा, "बठ्ठा बसनात का?" आम्ही दोघं आपापल्या यानात एकटे बसलेले असायचो, तरी सगळे बसलो म्हणायचो. मगच गाडी हलायची. पृथ्वीपासून इतक्या लांब जाऊन मी एरंडोलला थांबत होते आणि मला ते अगदी बरोबर वाटत होतं.

गोची एकच होती. आबांची गाडी रोज संध्याकाळी ठीक सहाला सुटायची आणि रोज त्याच वाटेने जायची. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. आमचं टाइमटेबल लुटारूंना पाठ झालं. पाळधीच्या अलीकडे एक अरुंद जागा आहे, तिथे ते आमची वाट पाहत बसायचे. एकदा तर त्यांच्यातल्या एकाने आम्हाला नमस्काराचं चिन्ह पाठवलं आणि मग यान फोडलं. आबा म्हणायचे, आज नशीब खराब होतं, उद्या बघू. उद्या पुन्हा सहा वाजता तीच वाट.

मी गणिताची बाई. दुसऱ्यांदा लुटले गेलो तेव्हाच मला हे कळलं होतं. आणि मी चुका दाखवायला कचरते असं माझ्या वैऱ्यानेही म्हणू नये. मी पाहुण्यांच्या पत्रिकेतल्या चुका दुरुस्त करते, दुकानाच्या पाटीवरची बेरीज चुकली असेल तर आत जाऊन सांगते. पण आबांना सांगायची वेळ आली की मी विषय बदलायचे, आणि त्याला कारण होतं.

एकदा भाऊ ट्रकच्या गडबडीत होता म्हणून आम्ही दोघंच खाणीत खोदत होतो. तेव्हा आबा बोलले. काकू, म्हणजे त्यांची बायको, जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलगा-सून नाशिकला. आबा व्हिडिओवर दिसावेत म्हणून त्यांनी हा कॉम्प्युटर बसवून दिला. दिवसभरात दूधवाल्याशी जे दोन शब्द होतील तेवढेच, बाकी तोंड बंद, असं ते सहज म्हणून गेले. संध्याकाळच्या सहाची वाट मात्र दुपारपासून पाहतो, म्हणाले. माणसाला एवढंच राहिलेलं असताना त्याच्याकडून कप्तानी काढून घ्यायची, तीही तुम्हाला जमत नाही असं तोंडावर सांगून, हे मला झेपेना. ते रागावून गेले तर परत कधी येणार नाहीत, ह्याची मला भीती होती. आणि आबा नसलेल्या खेळात मला राम वाटला नसता.

मग दिवाळीनंतर ते घडलं. आम्ही कितीतरी संध्याकाळी खपून मोठं मालवाहू यान घेण्यापुरतं खनिज साठवलं होतं. ते एकदा पोचलं की आमचा तांडा नवशिक्यांतून बाहेर पडणार होता. भाऊने आदल्या दिवशी हळूच सुचवलं की सकाळी निघून बघू या. आबांनी ते हसण्यावारी नेलं. सहाला गाडी सुटली. पाळधीला सगळेच्या सगळे लुटारू हजर होते आणि आमचं काहीही उरलं नाही.

आबा त्या दिवशी लगेच निघून गेले. भाऊ थांबला. मुंबईच्या एका मोठ्या तांड्याचं त्याला बोलावणं आलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. तो म्हणाला, "अक्का, तूच सांग त्याहिले. नई तं मी चाल्लो."

असली गोष्ट हेडफोनमधून सांगायची नसते. ती समोर बसून, चहा घेता घेता सांगायची असते. रविवारी शिकवणी नव्हती. येते म्हणून आबांना कळवून, पत्ता विचारून, असोद्याची भरताची वांगी पिशवीत घालून मी धुळ्याच्या बसमध्ये बसले. नवऱ्याने विचारलं, कुणाकडे? अंतराळातल्या कप्तानांकडे, मी सांगितलं. त्याने उठून गॅस बंद आहे ना ते पाहिलं. बस पाळधीला थांबली तेव्हा मी उगाच खिडकीतून इकडेतिकडे पाहिलं.

आबांना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माझ्या कल्पनेपेक्षा बुटके, पांढराशुभ्र शर्ट, पाठ अजून ताठ. घर लखलखीत. त्यांनी खिचडी केली होती, वरून तेल, बाजूला भाजलेले बिबडे, आमच्याकडचे ज्वारीचे पापड. जेवताना त्यांनी गाडीच्या गोष्टी सांगितल्या, मी हसले आणि माझा धीर तेवढ्या वेळापुरता पुढे ढकलला गेला. चहा आला तेव्हा मात्र मी कप खाली ठेवला. आबा, मी म्हटलं, रोज सहाला आणि रोज एकाच वाटेने जाणं चुकतंय. म्हणून आपण लुटले जातो. नशिबाचा ह्यात काही संबंध नाही.

त्यांनीही कप खाली ठेवला. मग अगदी शांतपणे म्हणाले, "गाडी टाइमवर निंघाले जोयजे, बेटा. लोके वाट दखतस."

"तिथे लोक वाट बघत नाहीत, आबा," मी म्हणाले. "तिथे फक्त लुटारू वाट बघतात."

ते उठले आणि आत गेले. मी बसून राहिले. आतून भांड्याचा आवाज आला, मग तोही थांबला. मला वाटलं, झालं, मी एका म्हाताऱ्या माणसाची संध्याकाळ हिसकावून घेतली. उठून निघून जावं असंही वाटलं, पण न सांगता निघणं बरं दिसलं नसतं. मी पिशवीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

आबा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. डोळे पुसलेले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. समोर बसले आणि म्हणाले, "तुन्ही काकू गई, तवपाशीन माले 'तुन्हं चुकनं' म्हननारं कोनी नही ऱ्हायनं. पोरगा म्हनस बरोबर शे. सून म्हनस बरोबर शे. बठ्ठा बरोबर म्हनतस. मानूस मोडी जास बेटा, असं."

मला रडू आलं आणि मी रडले. इतके दिवस मी त्यांना दुखवायला नको म्हणून गप्प होते, आणि त्यांना दुखत होतं ते आम्हा सगळ्यांच्या गप्प बसण्याचंच.

कप्तानी त्यांनीच माझ्याकडे दिली, तिथल्या तिथे, कॉम्प्युटर सुरू करून. त्यावरचा काकूंनी विणलेला रुमाल आधी नीट घडी करून ठेवला. भाऊ मुंबईच्या तांड्यात गेला नाही. आता आम्ही कधी सकाळी निघतो, कधी दुपारी शिकवणीच्या आधी, आणि पाळधी टाळून जायच्या मला अनेक वाटा माहीत आहेत. मोठं यान पुढच्याच हंगामात आलं. ते आबा चालवतात, कारण ओझं भरलेली गाडी सांभाळून नेणं त्यांच्याइतकं कुणालाच जमत नाही. सोबती शोधायच्या पानावर हल्ली चोपड्याकडचे, शिरपूरकडचे नवे लोक येतात. मी त्यांना शिकवते आणि ते चुकले की तिथल्या तिथे सांगते, वय कितीही असो.

माल पोचला, बाकीचे निघून गेले की आबा मागे थांबतात. रोज विचारतात, "आज कोठे चुकनू मी?" सुरुवातीला मला यादीच काढावी लागायची. पुढे एखाददुसरी चूक उरली. परवा त्यांनी भरलेलं यान अशा सफाईने तळाला लावलं की मी पाहत राहिले. तरी त्यांनी विचारलंच. मी सगळा प्रवास मनात पुन्हा करून पाहिला, कुठेही खोट नव्हती.

"ब्रेक जरा उशिरा लावलात, आबा," मी म्हणाले.

"हां," ते म्हणाले. "स्कूटरवर बसनी का तुन्ही काकूबी हाईच सांगे."